माळरानाला ओसाड म्हणू नका

उरणचे पक्षी म्हटले की सर्वांना पाणथळीतले रोहित आणि बगळे आठवतात. ते योग्यच आहे. परंतु खाजणाच्या कडेला, वरकस माळावर आणि भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या खाचरांत चिमणीहून लहान असा एक पक्षी राहतो. त्याच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. हा राखी डोक्याचा चंडोल. मराठीत त्याला डोंबारी असेही नाव आहे.

हे नाव त्याला अगदी शोभते. विणीच्या काळात नर पंख फडफडवीत सरळ आकाशात चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली झेपावतो आणि पुन्हा वर उसळतो. अशा कोलांट्या घेताना तो लांबट शीळ घालतो. बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते. या नराचे उलट आहे. पाठ मातकट राखी आणि पोट काळे! पण तो जमिनीला चिकटून बसला, की काळे पोट झाकले जाते आणि ढेकळांत तो दिसेनासा होतो. मादी तर चिमणीच्या मादीसारखीच मातकट असते.

त्याचे सारे आयुष्य जमिनीशी बांधलेले आहे. तो गवताचे बी आणि किडे टिपतो, रात्री जमिनीवरच झोपतो. घरटे म्हणजे ढेकळाच्या किंवा गवताच्या झुबक्याच्या आडोशाला केलेला उथळ खळगा. आत मऊ गवत आणि काठावर बारीक खडे. त्यात दोन किंवा तीन ठिपकेदार अंडी असतात. नर आणि मादी दोघेही ती उबवतात.

अशा जमिनीला आपण ‘पडीक’ म्हणतो. ज्या जमिनीतून महसूल मिळत नाही ती निरुपयोगी, ही समजूत इंग्रजी राजवटीत रुजली. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत आजही झुडपी जमीन हा एक प्रकार दाखवतात. माझ्या मते दोष येथेच आहे. एकदा ‘पडीक’ असा शिक्का बसला, की त्या जागी काहीही केले तरी ती सुधारणाच वाटते.

१९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०२४ साली अटल सेतू खुला झाला. उरणला रोजगार हवा, रस्ते हवेत, हे मान्य. पण भराव टाकण्यापूर्वी तेथे कोण राहते, एवढे तरी पाहायला नको काय?

दुसरी चूक आपण चांगल्या हेतूने करतो. वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळा रोपे घेऊन निघतात आणि मोकळा माळ दिसला की तेथे खड्डे खणतात. झाडे दाट वाढली की मोकळे गवत जाते. कावळ्यांना टेहळणीची जागा मिळते आणि चंडोलाला घरट्यासाठी जागा उरत नाही. झाडे अवश्य लावावीत. पण ती रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, उजाड झालेल्या जंगलात. माळावर नव्हे.

कोणी म्हणेल, हा पक्षी काही दुर्मिळ नाही. तो दुसरीकडे जाईल. आज तो दुर्मिळ नाही, हे खरे. परंतु भारतातील पक्ष्यांविषयीच्या २०२३ च्या अहवालात गवताळ आणि मोकळ्या प्रदेशातल्या पक्ष्यांची संख्या घटत असल्याचे दिसले आहे. दुसरीकडचा माळही भरावाखाली गेला, तर तो जाणार कोठे? शिवाय नेहमी दिसणारा पक्षी कमी झाला, तर नोंदी नसताना ते कळणार तरी कसे?

ह्या नोंदी तुम्ही करू शकता. सलीम अलींनी १९३० साली आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला सुगरणीचे वर्तन उघड केले, ते चिकाटीने एका जागी बसून. तुम्हीही महिन्यातून एकदा सकाळी तासभर एकाच माळावर बसा. किती चंडोल दिसले, ते काय करीत होते, हे वहीत तारखेसह लिहा. घरट्याजवळ मात्र जाऊ नका. कावळे तुमच्यावर नजर ठेवून असतात.

शिक्षकांना एकच विनंती. पुढच्या जुलैत रोपे नेण्यापूर्वी मुलांची ही वही उघडून पाहा. जागा रिकामी आहे की नाही, ते तीच सांगेल.