राखणीला कुत्रा हवाय, मग विकत कशाला?

गोरेगावच्या आरेत मी भाजी करतो, म्हणून विचारणा येते: राखणीला रॉटवायलर बरा का जर्मन शेफर्ड? दोन्ही नको. गावठी पिल्लू दत्तक घ्या.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर बघतो, उगवणशक्ती बघतो, पक्कं बिल मागतो. आणि हजारो रुपयांचं पिल्लू नुसत्या मोबाइलवरच्या फोटोवर? 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. अंधेरी ते बोरिवली, विकणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा. पिल्लाची आई दाखवा म्हणा. मग बघा कसा विषय बदलतात.

दाट केसांचा हस्की मे महिन्यात काय राखण करणार? पंख्याखाली पडून राहील. गावठी इथल्याच उन्हापावसातला. पण त्याला काही होत नाही हा समजही सोडा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पावसाआधी लेप्टोची. तबेल्याजवळ असाल तर गोचीड रोज बघा. आणि नसबंदी कराच, नाहीतर वर्षभरात बांधावर सहा-सात पिल्लं.

आता बिबट्या. नॅशनल पार्कातल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा, हे अभ्यासकांनीही नोंदवलंय. बिबट्या काय वंशावळीचा कागद वाचतो? रात्री मळ्यात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे राखण नव्हे, ताट वाढून ठेवणं. दिवसा माकडं, मोकाट गुरं हाकलू दे. अंधार पडायच्या आत दाराच्या खोपटात घ्या, भुंकायचं ते आतून भुंकेल.

लातूर-सोलापूरकडचे मित्र विचारतील, आमच्या कारवानचं काय? ओळखीच्या शेतकऱ्याकडून, आईबापाचं काम बघून आणत असाल तर माझी ना नाही. राग आहे तो दुकानदारीवर.

दत्तक देणाऱ्या ताई-दादांनो, थोडा तुमच्यावरही आहे. वन बीएचकेत दिवसभर कुलूपबंद राहिलेला कुत्रा तुम्हाला चालतो, माणसांमागे मळ्यात हिंडणारा चालत नाही? साखळीची, बिबट्याची भीती रास्त आहे. मग या, खोपट बघा, लसीचं कार्ड तपासा, महिन्याने न सांगता परत या. पण व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ दिसली म्हणून फुली मारू नका.