वेग आणि स्मरण

डोळ्यांच्या व्यायामाने वाचनाचा वेग दुप्पट होतो आणि स्मरणही टिकते, हे या सदरातील पत्रलेखकाचे मत पटणारे नाही. डोळा ओळीवर थांबत-थांबत उड्या घेतो. अक्षरे उमगतात ती थांब्यांवर. म्हणून खरा वेग डोळ्यांच्या व्यायामाने नव्हे, तर शब्दसंग्रह आणि विषयाच्या ओळखीने येतो. स्मरणाचे गणित निराळे. सातारा-सांगलीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी तेच प्रकरण पुन्हा वाचत बसतात. पण मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४२ टक्के, तर मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले. (भिलारच्या पुस्तकांच्या गावी कादंबरीत रमलेल्याला हा हिशेब लागू नाही.) वेगाचे दावे करणाऱ्यांनी आठवड्यानंतरचे स्मरणही मोजून कळवावे.