शिवणयंत्र म्हणजे विरंगुळा नव्हे

‘तुरुंगात टीव्ही नि कॅरम कशाला? तो तुरुंग आहे की मामाचं घर?’ असं आपण सहज बोलून जातो. बायकांचा विषय निघाला की वर आणखी एक वाक्य येतं, ‘त्यांना शिवण शिकवतात ना, मग वेळ जातोच की!’ मला या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडे आकडे. सरकारी अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात जेमतेम चार. एकूण कैद्यांपैकी चारांतले तीन कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. तेव्हा ‘भोगू देत शिक्षा’ म्हणण्याआधी शिक्षा झाली आहे का, हे तरी विचारूया.

संख्या कमी, म्हणून बायकांचे वेगळे तुरुंगही थोडेच. बहुतेकजणी मोठ्या तुरुंगातल्या एका भिंतीआडच्या विभागात राहतात. मैदान, वाचनालय, कारखाना बहुधा भिंतीपलीकडे, पुरुषांकडे. यांच्या वाट्याला बराक आणि पुढचं अंगण. सकाळी गिनती, मग साफसफाई, जेवण, काम. संध्याकाळी लवकरच पुन्हा गिनती नि कुलूप. पुढे सगळी रात्र पडलेली.

शिवण, भरतकाम, पापड यांतून हाताला काम मिळतं, चार पैसे मिळतात, हे चांगलंच आहे. पण ते कामच आहे. आपल्या घरी तरी वेगळं काय चालतं? बाबा संध्याकाळी नाक्यावर गप्पा मारायला जातात, तो विरंगुळा. आई मालिका बघता बघता भाजी निवडते, तोही म्हणे विरंगुळाच! तुरुंगानं हा हिशेब आपल्याकडूनच उचललाय.

त्याच अहवालात १,५३७ कैदी आयांसोबत १,७६४ मुलं होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं आणि त्याच्यासाठी पाळणाघर, बालवाडी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं. मुलाला खेळ हवा, हे आपल्याला लगेच पटतं. मग दिवसभर त्याला सांभाळणाऱ्या बाईला तासभर मोकळा नको? संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘नेल्सन मंडेला नियमां’त रोज किमान तासभर मोकळ्या हवेत व्यायाम आणि करमणुकीचे, सांस्कृतिक कार्यक्रम यांची तरतूद आहे. त्यांना तिथे चैन म्हटलेलं नाही.

आपण मराठी मंडळाची माणसं. विनोबांची ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली, साने गुरुजींनी तिथेच ती लिहून घेतली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. कोठडीतही कागद नि ऐकणारं माणूस मिळालं की काय घडतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग कोलवाळला, आपल्यापासून फार लांब नाही. आपल्या मंडळानं तिथल्या अधीक्षकांना पत्र लिहावं, असं मला वाटतं. स्त्री विभागासाठी मराठी-कोंकणी पुस्तकं देऊ, परवानगी मिळाली तर महिन्यातून एकदा जाऊन मोठ्यानं वाचून दाखवू. सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. आणि ज्यांना फुगडी घालायची आहे त्यांना घालू द्यावी. तिला खर्च नाही. अंगण तर आहेच, फक्त तेवढा वेळ कुणी काम सांगू नये.