काळं म्हणजे कळकट नव्हे!

गेल्या पावसाळ्यात बचत गटाच्या बैठकीत एका मैत्रिणीने पिशवीतून गंजलेलं खुरपं काढलं. "ताई, घासून घासून पांढरं करते, तरी गंजतंच. दरवर्षी नवं घ्यावं लागतं!"

मला हसू आलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंचा काळाभोर तवा राख-चिंचेने घासून चकचकीत केला होता. कौतुकाची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी तव्यावर तांबूस गंज, आणि धिरडं निघता निघेना. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, त्याचं पांघरूणच काढलंस की!"

जिची भांडी चकचकीत ती सुगरण, असं आपल्या मनावर पक्कं बिंबवलेलं असतं. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना ते ठीक आहे. पण साध्या लोखंडावरचा तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. तेलाचा पातळ हात देऊन लोखंड तापवलं की तेल घट्ट होऊन त्याला धरून बसतं, मग हवा-पाणी आत शिरत नाही. लोहार तापलेलं अवजार तेलात बुडवतात ते यासाठीही. आपण मात्र घरात तसं बुडवायचं नाही, भडका उडतो.

घरी करायचं ते असं. चिंचेच्या कोळाने गंज काढा, धुवा, पूर्ण कोरडं करा. कोमट तापवून जवसाचं खायचं तेल लावा आणि फडक्याने पुसून घ्या, जणू लावलंच नाही इतकं. जाड लावलं तर चिकट राहतं, इथेच बहुतेकींचं चुकतं. खिडक्या उघडून, धूर थांबेपर्यंत तापवा. गार झाल्यावर पुन्हा. तीन-चार वेळा केलं की आधी तपकिरी, मग काळा रंग चढतो. रंगाच्या दुकानातलं जवसाचं तेल तव्याला नको, त्यात वाळण्यासाठी दुसरी द्रव्यं घातलेली असतात. जस्ताचा मुलामा असलेली वस्तू तर तापवूच नका, तो धूर बाधतो. आणि तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

विळी, कोयता, खुरपं यांची धार विस्तवावर धरू नये. पोलाद निळं पडेपर्यंत तापलं की धारेचं पाणी उतरतं. धारेला नुसता तेलाचा हात पुरे.

हे मी बैठकीत सांगत होते तेव्हा दारातून एक भाऊ म्हणाले, "बायकांना कशाला ही लोहारकी?" अहो, तवा कोण तापवतं, खुरपं कोण धरतं? मग ते टिकवायची विद्या तेवढी तुमची कशी?

दिवाळीनंतर ती मैत्रीण पुन्हा भेटली. खुरपं काळं झालेलं, एका बाजूला जरा डागाळलेलंही. यंदा नवं घेतलं नाही म्हणाली. आता शेजारणीचा तवा मागून आणलाय, करून द्यायला.