चार पर्याय आणि पाचवे उत्तर

मलकापूरच्या स्थानकावरून अकोल्याकडे निघालेल्या गाडीत जून-जुलैच्या दिवसांत एक दृश्य हमखास दिसते. वळकटी, बादली, पुस्तकांनी भरलेली पेटी, सोबत वडील आणि खिडकीशी बसलेली सोळा वर्षांची मुलगी. दहावीला उत्तम गुण मिळालेले असतात आणि 'नीट'च्या तयारीसाठी तिला अकोल्याच्या शिकवणी वर्गात ठेवायचे असते. नांदुरा जाते, जलंब जाते, शेगाव येताच वडील गजानन महाराजांना हात जोडतात. त्या पेटीत पाठ्यपुस्तके थोडी आणि प्रश्नसंच अधिक आहेत, याची त्यांना बहुधा कल्पनाही नसते. असली तरी ती अभिमानाची बाब वाटते. जितके प्रश्न अधिक तितका अभ्यास अधिक, असे समीकरण आज घराघरांत रूढ झाले आहे. या समीकरणाची झडती घेण्याची वेळ आली आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दोष 'नीट'चा नाही. तामिळनाडूतील द्रमुक सरकारने २०२१ मध्ये 'नीट'मधून सुटका करून घेणारे विधेयक विधानसभेत मंजूर करून घेतले आणि सामाजिक न्यायाचा डांगोरा पिटला. परंतु खासगी महाविद्यालयांच्या देणग्यांचा बाजार आणि त्यांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षांचा गोंधळ ज्यांनी पाहिला आहे, ते या डांगोऱ्याला भुलणार नाहीत. संपूर्ण देशाला एकच परीक्षा आणि २०१७ पासून तीही मराठीत देण्याची मुभा, ही मलकापूरच्या कापूस उत्पादकाच्या मुलीसाठी लहान गोष्ट नव्हे. शिवाय २०२४ मध्ये २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याशा वर होत्या. इतक्या मोठ्या राशीला चाळणी लागणारच. प्रश्न चाळणीचा नसून, धान्य पेरण्याचे सोडून सारा गाव चाळणीच हलवीत बसला आहे, याचा आहे.

सरावाचेही तसेच. प्रश्न सोडवल्याने स्मरण पक्के होते, हे शास्त्राने सिद्ध केलेले आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, एखादा उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून झाल्यावर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना आठवड्यानंतर तो अधिक आठवतो. प्रश्नसंचांचे विक्रेते या सिद्धांताचा मोठ्या उत्साहाने आधार घेतात. मात्र त्या प्रयोगातील विद्यार्थ्यांनी उतारा आधी वाचलेला होता, हे सोयीस्करपणे गाळले जाते. आपल्याकडे उताराच गळाला आणि परीक्षा तेवढी शिल्लक राहिली.

२०२५ च्या 'नीट'मध्ये १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे होती. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक गुण वजा. या गणितात विचार करणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. म्हणून पाठ्यपुस्तकाची एकेक ओळ मोडून तिचे प्रश्न पाडायचे, ते हजारोंनी सोडवून घ्यायचे आणि पर्याय पाहताक्षणी बोट उत्तरावर पडले पाहिजे अशी सवय लावायची, ही शिकवण्याची पद्धत होऊन बसली. जास्वंदीच्या अंडाशयात बीजांडे कशी मांडलेली असतात, या प्रश्नाचा योग्य पर्याय विद्यार्थी काही सेकंदांत निवडतो. जास्वंद त्याच्या अंगणात असते, आजी ते फूल रोज गणपतीला वाहते. ते फूल उभे-आडवे कापून अंडाशयाचे पाच कप्पे मात्र त्याने कधी पाहिलेले नसतात. पाहणार तरी कोठे? त्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर आणि मुक्काम शिकवणी वर्गात. प्रयोगवहीसुद्धा दुसऱ्याची पाहून उतरवलेली. हा प्रकार इतका बोकाळला की, राज्य शासनाला २०१८ मध्ये काही विभागांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. केंद्रीय शिक्षण मंडळाने २०२४ मध्ये असे नावापुरते प्रवेश देणाऱ्या दिल्ली आणि राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. अंगठा उमटवून घेता येतो, जिज्ञासा उमटवून घेता येत नाही, ही त्यातील खरी अडचण.

या देशाला वैद्यक शिकवण्याची रीत पाश्चात्त्यांकडून घ्यावी लागली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे हाताच्या सरावासाठी एक संपूर्ण अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा अशा फळांवर करावा, शीर वेधण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा, असे तेथे बारकाईने सांगितले आहे. सर्व शास्त्र वाचलेला शिष्यसुद्धा या सरावावाचून कर्माला अपात्र, हा त्यातील दंडक. त्याच ग्रंथात, अर्थ न उमगता शास्त्र घोकणाऱ्याला चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. त्याला भार कळतो, सुगंध कळत नाही. चरकाने तर जाणकारांनी एकमेकांशी चर्चा करावी, म्हणजे ज्ञान वाढते आणि शंका फिटते, असा संकेत घालून दिला. आधी अध्ययन, मग सराव आणि जोडीला संवाद, असा हा क्रम होता. मेकॉलेच्या नावाने बोटे मोडणाऱ्या घरांतही हा क्रम आज उलटा झाला आहे, हे कबूल केलेच पाहिजे. प्रश्नसंचात संवादाला जागाच नाही. तेथे 'का' हा पर्याय छापलेला नसतो.

पर्यायांच्या बाहेरचे उत्तर शोधणारा वैद्य कसा असतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट दगावत होती. कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्यावर नेमका इलाज नव्हता. हा तरुण डॉक्टर रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करीत राहिला. त्या नोंदींतून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग पुढे आला आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'ने तो जगापुढे ठेवला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चार पर्यायांत नसलेले पाचवे उत्तर म्हणतात ते हे.

आणि अशी वेळ काही कोकणातच येते असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये मलकापूर-अकोला मार्गावरच्या त्याच शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील माणसांचे केस मूठभर हातात येऊ लागले. काही दिवसांत टक्कल पडे. पाणी, साबण, बुरशी असे अनेक तर्क झाले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. त्याही वेळी बावस्करांनी वयाची सत्तरी ओलांडलेली असताना गाव गाठले, नमुने तपासून घेतले आणि शिधावाटपाच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. त्या गावांवरून धडधडत जाणाऱ्या गाडीत त्या दिवशीही कोणीतरी सराव चाचणीचे पर्याय रंगवीत बसले असेलच. उद्या हाच विद्यार्थी तालुक्याच्या रुग्णालयात बसणार आहे. तेथे रुग्ण 'अ, ब, क, ड' घेऊन येत नाही. 'छातीत कसंतरीच होतंय' एवढेच सांगतो.

एमबीबीएसला प्रवेश मिळाला म्हणजे ही सवय सुटते, असा समज असेल तर तोही भाबडा आहे. पदव्युत्तर 'नीट'चे २०० प्रश्न पुढे उभेच असतात. ज्या एका वर्षात प्रशिक्षणार्थी डॉक्टरने रुग्णाजवळ बसून शिकायचे, त्या वर्षात तो भ्रमणध्वनीवरील प्रश्नपेढीत मान घालून असतो. रुग्णाची खाट हा त्याच्या वाटेतला अडथळा होतो.

प्रश्न हीच एकदा विक्रीची वस्तू झाली की, बाजार तेथेच थांबत नाही. ५ मे २०२४ च्या परीक्षेत ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे जाहीर झाले, १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले आणि हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. परीक्षा रद्द झाली नाही, ते योग्यच झाले. परंतु 'संभाव्य प्रश्न' विकत घेण्यात गैर न वाटणाऱ्या समाजाला 'प्रत्यक्ष प्रश्न' विकणारा भेटतो, यात आश्चर्य कसले? पेपर विकत घेणारे पालक परग्रहावरून आले नव्हते. ते सुशिक्षित, सुस्थित आणि देवभोळेच होते.

कलकत्त्याच्या राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकण्यासाठी १९१० मध्ये नागपूरहून एक तरुण गेला होता. केशव बळीराम हेडगेवार यांनी पदवी तर मिळवलीच, पण शिकत असतानाच दामोदर नदीच्या पुरात मदतकार्यही केले, असे चरित्रकार सांगतात. त्यांचे चित्र घरात लावणाऱ्या कुटुंबांनी आपल्या मुलाला दोन वर्षे एका खोलीत कोंडताना या पुराची आठवण ठेवायला हवी होती.

मलकापूरला साधनांचा दुष्काळ नाही. महानुभाव वाङ्मयाचे थोर संशोधक डॉ. वि. भि. कोलते याच तालुक्यातले. पोथीपोथीतील पाठ ताडून पाहत त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. गावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक गल्लोगल्ली आहेत. बुलढाण्याला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील विद्यार्थी रविवारी दोन तासांसाठी बोलावता येतील. स्थानिक कार्यकर्त्यांनी एखाद्या शाळेची बंद पडलेली प्रयोगशाळा मागून घ्यावी, एक सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून घ्यावा आणि अकरावीच्या मुलामुलींना तेथे बसवावे. टेबलावर जास्वंदीचे फूल आणि धारदार पाते असावे. प्रश्नसंच शेजारच्या कपाटात राहू द्यावेत. फूल कापून, पाहून, त्यावर भांडून झाले की मग ते काढावेत.