मुक्या सोबत्याचा वैद्य

मनुष्य आजारी पडला म्हणजे आपले दुखणे बोलून दाखवतो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे तो सांगू शकतो. एका डॉक्टरचा गुण आला नाही, तर दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पाळलेल्या कुत्र्याला किंवा मांजराला यांपैकी काहीच साधत नाही. मालक ज्या दारी नेईल, त्या दारी त्याला जावे लागते. म्हणून आपल्या प्राण्यासाठी वैद्य निवडणे ही केवळ सोयीची बाब नव्हे. ते पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

मुंबईला प्राण्यांच्या शुश्रूषेची जुनी परंपरा आहे. प्राण्यांना होणारा छळ थांबवण्यासाठी येथे १८७४ साली एक संस्था स्थापन झाली. पुढे दानशूर सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या साहाय्याने परळ येथे जनावरांचे मोठे रुग्णालय उभे राहिले. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचे नाव ते आजही धारण करीत आहे. परळ येथेच १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या काळी घोडे आणि बैल हेच शहराचे वाहन होते. त्यामुळे त्यांचे आरोग्य ही साऱ्या शहराची गरज होती.

आज शहर उत्तरेकडे दूरवर पसरले आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील लहान लहान घरांतही कुत्री, मांजरे, ससे सुखाने नांदतात. अशा वेळी काही जण म्हणतात, “परळचे मोठे रुग्णालय असताना जवळच्या दवाखान्याचा शोध कशाला?” मोठ्या रुग्णालयाची थोरवी कोणीच नाकारणार नाही. अवघड शस्त्रक्रियेसाठी तेथे जावेच लागेल. परंतु बोरिवली किंवा मुलुंडहून परळ वीस किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आषाढातल्या मुसळधार पावसात रस्ते तुंबले असताना, विष पोटात गेलेल्या कुत्र्याला घेऊन तेवढे अंतर कापणे म्हणजे मोलाचा वेळ रस्त्यात सांडणे होय. काशीहून आणलेली गंगा रामेश्वराला वाहण्याआधी संत एकनाथांनी वाटेत तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, अशी कथा आहे. तहान जेथे लागली तेथेच पाणी मिळाले, हेच त्या दयेचे मोल आहे. म्हणून पहिला आधार घराजवळचाच असावा.

हा आधार केव्हा शोधावा? तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे तर सारेच जाणतात. पिल्लू घरी येण्यापूर्वीच दवाखाना पाहून ठेवावा. घाबरलेल्या मनाला निवड करता येत नाही. ते पहिल्या पाटीकडे धाव घेते.

पाटी मात्र फसवी असू शकते. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. गुळगुळीत फरशी आणि थंडगार हवा यांवरून वैद्याची पारख होत नाही. १९८४ च्या कायद्यानुसार, पशुवैद्यकाची मान्य पदवी घेऊन परिषदेकडे नोंदणी केलेल्या व्यक्तीनेच हा व्यवसाय करावयाचा असतो. या पदवीसाठी प्रत्यक्ष अनुभवाच्या वर्षासह साडेपाच वर्षे अभ्यास करावा लागतो. तेव्हा भिंतीवरील चित्रांपेक्षा नोंदणीचे प्रमाणपत्र आधी पाहावे. त्याविषयी विचारण्यात डॉक्टरांचा अवमान मुळीच नाही. खरा डॉक्टर ते आनंदाने दाखवतो.

त्यानंतर पाहावे ते त्यांचे काम. औषधाची मात्रा वजनावर ठरते. म्हणून चांगला वैद्य प्राण्याचे वजन करतो. प्राणी बोलत नसल्यामुळे त्याने काय खाल्ले, पाणी किती प्यायले, हे तो मालकाला बारकाईने विचारतो. एका प्राण्यानंतर दुसऱ्यासाठी टेबल स्वच्छ पुसले जाते की नाही, लस शीतकपाटात ठेवली आहे की नाही, हेही पाहावे. उष्णतेने निकामी झालेली लस टोचली, तर सुईची वेदना तेवढी होते. संरक्षण मिळत नाही. रात्री अडचण आल्यास कोठे जावे, हे आधीच विचारून ठेवावे. आणि “हे उपचार माझ्याकडे होणार नाहीत, मोठ्या रुग्णालयात न्या,” असे जो वेळेवर सांगतो, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. आपली मर्यादा ओळखणे हेही विद्वत्तेचेच लक्षण आहे.

काही घरांत काटकसर म्हणून माणसांचीच औषधे प्राण्यांना दिली जातात. ही काटकसर प्राणघातक ठरते. तापावर माणसे सहज घेतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान आहे. कारण ते औषध निरुपद्रवी करण्याची पुरेशी शक्ती मांजराच्या यकृतात नसते. खर्चाची चिंता असेल, तर ती डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावी. सुज्ञ डॉक्टर अत्यावश्यक काय आणि थांबण्याजोगे काय, हे समजावून सांगतात.

“माणसांनाच उपचार मिळत नाहीत, तेथे जनावरांचे एवढे लाड कशाला?” असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न कळकळीचा आहे. पण प्राण्याचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होणाऱ्या रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी बहुधा वाचत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलाला लस टोचून या रोगापासून बचावाचा मार्ग दाखवला. आज पिल्लू सुमारे तीन महिन्यांचे झाले, की त्याला ही लस देता येते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोगही उंदीर, कुत्री आणि माणसे या सर्वांना होतो. कुत्र्याला वेळेवर लस टोचणारा वैद्य त्या घरातील व शेजारच्या मुलांचेही रक्षण करीत असतो.

घरात पिल्लू आणण्याचा हट्ट बहुधा मुलेच धरतात. त्याचे नाव काय ठेवावे, याची चर्चा मग आठवडाभर चालते. त्याच आठवड्यात मुलांनी वडीलधाऱ्यांसह जवळचे दोन-तीन दवाखाने पाहून यावे. नाव तर प्रेमाने कोणीही ठेवील; परंतु ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीने विचार करणे, हीच त्या प्रेमाची खरी कसोटी आहे.