घराच्या विजेला सांडवा हवा



वळवाचा पाऊस जमीन भिजवतो, पण येताना विजाही घेऊन येतो. कुठेतरी कडकडाट होतो, घरातला दिवा क्षणभर लख्ख पेटतो आणि विझतो. लाइट परत आल्यावर पाहावे तो टीव्ही मुका आणि मोटारीचा ऑटो स्टार्टर गप्प! पूर्वी घरात चार दिवे आणि एक पंखा असे. उडाला तर दिवा उडे, काम भागे. आता फ्रिज, पाण्याचा फिल्टर, इन्व्हर्टर, एलईडी दिवे अशा प्रत्येक वस्तूच्या पोटात नाजूक सर्किट असते. ते असा धक्का सोसत नाही. म्हणून 'सर्ज प्रोटेक्टर' नावाची डबी हल्ली तालुक्याच्या दुकानांतून मिळू लागली आहे. ती कोणती घ्यावी, कशी बसवावी आणि मुख्य म्हणजे ती काय करीत नाही, हे आज पाहू.

डबीचे काम सांडव्याचे

पाझर तलावाला सांडवा असतो. पाणी ठरल्या पातळीच्या वर चढले की जास्तीचे पाणी सांडव्यातून निघून जाते आणि बांध वाचतो. सर्ज प्रोटेक्टर हेच काम विजेच्या बाबतीत करतो. लाइनीजवळ वीज पडली की तारांतून हजारो व्होल्टची उसळी येते. ती सेकंदाच्या काही लाखाव्या भागात येऊन जाते. डबीतल्या जस्ताच्या भस्माच्या चकत्या एरवी वीज अडवून धरतात. उसळी येताच वाट मोकळी करून तिला जमिनीत सोडतात आणि लगेच वाट बंद करतात.

पण सांडव्याखाली ओढाच नसेल तर? पाणी बांधाच्या मुळाशीच घुसेल. विजेचा हा ओढा म्हणजे आपले अर्थिंग. अर्थिंग नसेल तर उंची डबीसुद्धा भिंतीवरची शोभा ठरते. पुष्कळ घरांत पैसे इथेच वाया जातात.

दुखणी तीन, औषधे तीन

विजेची दुखणी तीन प्रकारची असतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

पहिले दुखणे ही क्षणिक उसळी. तिच्यावर सर्ज प्रोटेक्टर.

दुसरे, टिकून राहणारे जादा व्होल्टेज. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर भार कमी, त्या घरांत २३० व्होल्टच्या जागी ३००-३५० किंवा त्याहूनही जास्त व्होल्टेज शिरते आणि मिनिटेन् मिनिटे टिकते. एकाच रात्री निम्म्या आळीचे पंखे-फ्रिज जळतात ते बहुधा यामुळे. इथे सर्ज प्रोटेक्टर उपयोगी पडत नाही. उलट तोच तापून जळतो. यावर उपाय जादा-कमी व्होल्टेजला आपोआप वीज तोडणाऱ्या व्होल्टेज प्रोटेक्टरचा.

तिसरे, कमी व्होल्टेज आणि मोटारीचा एखादा फेज जाणे. मोटारीचे रिवाइंडिंग करावे लागते ते बहुतेक वेळा यापायी. त्यासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर हवा आणि ओव्हरलोड रिले मोटारीच्या अँपिअरप्रमाणे लावलेला हवा.

'एकच डबी सगळे सांभाळते' असे कोणी सांगितले, तर वरची तिन्ही दुखणी एकेक करून त्याला विचारावीत.

खरेदी करताना

डबीवर आय.ई.सी. ६१६४३-११ हा मानक क्रमांक छापलेला असावा. घराच्या मुख्य बोर्डासाठी 'टाइप २' ची डबी घ्यावी. घरावर वीजवाहक दांडा बसवलेला असेल तर 'टाइप १' किंवा 'टाइप १+२' लागते.

नंतर 'यू.सी.' हा आकडा पाहावा. डबी कायम किती व्होल्टेज सोसेल ते हा आकडा सांगतो. २७५ व्होल्टच्याही डब्या मिळतात. पण आपल्याकडे मोटारी बंद झाल्या की लाइनीचे व्होल्टेज चढते. म्हणून ३२० व्होल्टची बरी. उसळी वाहून नेण्याची ताकद 'आय.एन.' २० किलोअँपिअर असावी. 'यू.पी.' म्हणजे डबीतून गेल्यावर उरणारा धक्का. तो दीड किलोव्होल्टच्या आसपास असावा. जितका कमी तितका चांगला.

आपल्या खेड्यातल्या घराचे अर्थिंग सहसा घराचे स्वतःचे असते. अशा ठिकाणी सिंगल फेजसाठी '१+१' आणि थ्री फेजसाठी '३+१' जोडणीची डबी मागावी. हिरवी खिडकी आणि बदलता येणारी कांडी असलेली डबी घ्यावी. नुसते 'सर्ज' लिहिलेली एक्स्टेन्शनची पट्टी ही फार तर टीव्हीजवळची दुसरी राखण आहे. घराची पहिली राखण तिच्यावर सोडू नये.

आधी अर्थिंग

अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आय.एस. ३०४३ प्रमाणे, जस्ती पाइप निदान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा आणि अडीच मीटर लांब असावा. खड्डा भिंतीपासून दीड मीटर तरी दूर, ओल टिकेल अशा जागी घ्यावा. न्हाणीचे पाणी जिरते ती बाजू सोयीची. पाइपभोवती कोळसा व मीठ यांचे थर द्यावेत आणि उन्हाळ्यात वरून पाणी घालीत जावे. वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे; ५ ओहमच्या आत आले तर उत्तम. नळाच्या पाइपाला तार गुंडाळून अर्थिंग झाले असे समजू नये. आता मध्ये प्लास्टिकचे पाइप असतात, आणि एखादे दिवशी नळाला हात लावणाऱ्यालाच झटका बसतो.

डबीसाठी वेगळा खड्डा आणि घरासाठी वेगळा, असे करून ते सुटे ठेवू नयेत. घरातली सगळी अर्थिंग एकमेकांना जोडलेली हवीत. नाहीतर उसळीच्या वेळी दोन अर्थिंगांमध्येच हजारो व्होल्टचा फरक पडतो.

बसवताना

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून आणि आभाळ निरभ्र असताना करून घ्यावे. आपण शेजारी उभे राहून चार गोष्टी पाहाव्यात.

एक, डबी मेन स्विचनंतर आणि आर.सी.सी.बी.च्या आधी बसावी. घरात जाणारी वीज डबीतून जात नाही. डबी बाजूला, लाइनीला समांतर जोडतात.

दोन, डबीच्या आधी तिचा स्वतःचा एम.सी.बी. किंवा फ्यूज असावा. किती अँपिअरचा, ते कंपनीच्या कागदावर असते.

तीन, लाइनीपासून डबीपर्यंत आणि डबीपासून बोर्डातल्या अर्थच्या पट्टीपर्यंतची तार मिळून अर्ध्या मीटरपेक्षा जास्त नसावी. उसळीच्या वेळी मीटरभर तारेवरच सुमारे हजार व्होल्ट चढतात. म्हणून तारेची वेटोळी करून ठेवणे फार वाईट.

चार, अर्थची तार तांब्याची, निदान ६ चौरस मिलिमीटरची असावी.

डीपीला मात्र कोणी हात लावू नये. तिथला फ्यूज बदलायला चढणे म्हणजे घरच्या माणसांना उघड्यावर टाकणे आहे.

विहिरीवरची मोटार

घरातली डबी फार तर दहा-बारा मीटरपर्यंतच्या वस्तूंना सांभाळते. विहीर दूर असेल तर स्टार्टरच्या पेटीत वेगळी थ्री फेज डबी आणि विहिरीजवळच वेगळे अर्थिंग हवे. सौर पंप असेल तर पॅनेलकडून येणारी वीज डी.सी. असते. तिला डी.सी.साठीच बनवलेली डबी लागते, आणि तिचे व्होल्टेज पॅनेलांच्या एकूण मोकळ्या व्होल्टेजपेक्षा जास्त असावे लागते. घरातली ए.सी. डबी तिथे लावली तर आगीचा धोका असतो.

निगा आणि मर्यादा

प्रत्येक उसळीने चकत्या थोड्या झिजतात. खिडकी हिरवी असेपर्यंत डबी कामाची. लाल झाली की कांडी बदलावी. पाडव्याला वळवाच्या आधी आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना खिडकी पाहण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे. मुले ते आवडीने करतात.

वीज थेट घरावर किंवा अगदी जवळच्या खांबावर पडली तर कोणतीही डबी पूर्ण खात्री देत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर विजांची पूर्वसूचना देते. सूचना आली की प्लग काढून ठेवावेत. पण गडगडाट डोक्यावर आल्यावर काढायला धावू नये.

सगळे एकदम करणे प्रत्येकाला परवडत नाही. तेव्हा आधी चांगले अर्थिंग करावे. मग ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा, कारण तो माणसे वाचवतो. मग व्होल्टेज प्रोटेक्टर, आणि त्यानंतर सर्ज प्रोटेक्टर. दुकानदार हा क्रम बहुधा उलटा सांगेल. यंदा खड्ड्यापुरतेच पैसे असतील तर खड्डाच करावा. डबी पुढच्या वळवाच्या आधी घेता येईल.